दुःखाच्या दिवसांत देवाचे आभार कसे मानायचे? : संत बहिणाबाईंची जीवनकथा

॥ श्री सद्गुरू माउली प्रसन्न ॥



संतचरित्र मालेतला या महिन्याचा लेख लिहायची सेवा आमच्या गटाकडे आली. तुम्ही बीएला मराठी घेतलं होतं की, असं म्हणून सगळ्यांनी ती माझ्या गळ्यात घातली. विषय आधीच ठरलेला होता, अडचणीच्या काळात देवाची स्तुती आणि कृतज्ञता. मला वाटलं सोपं आहे, दोन दिवसांत लिहून होईल. प्रत्यक्षात महिना लागला. का लागला ते आधी सांगते, म्हणजे पुढचं चरित्र मी असं का लिहिलं तेही कळेल.

आपल्या गुरुवारच्या सत्संगात शेवटी प्रत्येकाने आठवड्यातल्या तीन गोष्टींसाठी देवाचे आभार मानायचे, अशी पद्धत आहे. मागच्या पावसाळ्यात एका भगिनीची पाळी आली. तिच्या मालकांचं काम सुटलं होतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलाच्या फीची तारीख जवळ आलेली. ती म्हणाली की या आठवड्यात मला काही सुचत नाही, मी नाही बोलले तर चालेल का? मी शहाणपणाने तिला सांगितलं की दुःख हासुद्धा देवाचा प्रसादच असतो, हसत हसत घ्यावा. तिने मान खाली घातली, पाऊस चांगला झाला म्हणून आभार मानते असं काहीतरी पुटपुटली आणि आरतीला उभी राहिली. पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही.

मी तिला जे सांगितलं ते बरोबर होतं का? हा लेख लिहायला बसले तेव्हा तोच प्रश्न डोक्यात होता. म्हणून मी अशा संताचं चरित्र काढून वाचलं, ज्यांनी संसाराचे चटके स्वतः सोसले आणि स्वतःच लिहूनही ठेवले. त्या म्हणजे संत बहिणाबाई.

*आधी एक खुलासा*

बहिणाबाई म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळांना शाळेच्या पुस्तकातल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १८८० ते १९५१ या काळातल्या, जळगावच्या. मी सांगतेय त्या संत बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या. वारकरी संतांनी मिळून एक मंदिर उभारलं, कोणी पाया घातला, कोणी कळस झाला, हे रूपक कीर्तनात नेहमी ऐकतो ना आपण, ते यांच्याच नावाने गायलं जातं. त्यांनी आपली हकिगत अभंगांतून सांगितली. मराठीत एखाद्या बाईने स्वतः सांगितलेलं हे पहिलं आत्मचरित्र, असं अभ्यासक मानतात.

*बालपण आणि परागंदा होणं*

वेरूळच्या पश्चिमेला देवगाव म्हणून गाव आहे, आज त्याला देवगाव रंगारी म्हणतात. तिथल्या कुळकर्ण्यांच्या घरात शके १५५० म्हणजे इसवी सन १६२८ च्या सुमारास बहिणाचा जन्म झाला. वडील आऊजी, आई जानकी. नवसासायासाने झालेली लेक, म्हणून घरात लाड. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे खेळण्याच्या वयातच लग्न लागलं. नवरा रत्नाकर पाठक, शिऊरचे, वय तिशीच्या आसपास, पहिली बायको वारलेली. भिक्षुकी करणारे, वेदविद्या जाणणारे आणि स्वभावाने अतिशय तापट.

त्या वेळचा महाराष्ट्र कसा होता ते लक्षात घ्या. १६३० ते १६३२ या वर्षांत मोठा दुष्काळ पडला होता. माणसं आणि गुरं अन्नावाचून गेली, गावंच्या गावं ओस पडली. त्याच दुष्काळात तिकडे देहूला तुकाराम महाराजांचा धंदा बुडाला, थोरली पत्नी भुकेने गेली, मुलगाही गेला. बहिणा तेव्हा पाळण्यातून नुकतीच उतरली होती. दोघांची गाठ पुढे पडायची होती.

लग्नाला काही वर्षं झाली आणि माहेरच्या घरावर संकट आलं. कर्ज आणि भाऊबंदकी. भाऊबंद इतके मागे लागले की शेवटी आईवडील, जावई आणि ही लहान मुलगी अशा सगळ्यांनी मिळून गाव सोडलं. वतनदार कुळकर्ण्यांचं घर एका रात्रीत भिक्षेकरी झालं. गोदावरीच्या काठाने, कोरडी भिक्षा मागत, चालत निघाले. पंढरपूरला आले. मोठ्यांच्या डोक्यावर चिंतेचा डोंगर होता, पण या मुलीला विठ्ठलाच्या पायाशी आल्यावर इतकं बरं वाटलं, की इथून जाऊच नये असं तिला वाटलं. ही आठवण तिने मोठेपणी मुद्दाम नोंदवली आहे. पुढे शिखर शिंगणापूरच्या महादेवाचं दर्शन, मग रहिमतपूर, तिथे काही काळ मुक्काम आणि शेवटी कोल्हापूर.

*कोल्हापुरातली ओसरी*

आपल्याला कोल्हापूर काही परकं नाही. सकाळी बेळगावहून निपाणीमार्गे निघालं तर अंबाबाईचं दर्शन घेऊन संध्याकाळी घरी येता येतं. त्याच कोल्हापुरात हे बेघर कुटुंब आलं. एका विद्वान ब्राह्मणाने त्यांना आपल्या घराच्या ओसरीवर जागा दिली. विचार करा, चार-पाच माणसांचा संसार परक्याच्या ओसरीवर! पण त्या घरात पुराण चाले, गावात कीर्तनं होत आणि बहिणा आईबरोबर ऐकायला जाई. अकरा वर्षांची मुलगी. अक्षर गिरवायचा अधिकार नाही, वेद कानावर पडले तरी लोक दोष मानणार. पण कीर्तनात बसायला तिला कोणी अडवत नव्हतं.

मग रत्नाकरपंतांना कोणीतरी एक कपिला गाय दान दिली. गाय व्याली, वासरूही तशाच रंगाचं. त्या वासराला या मुलीचा असा लळा लागला की तिच्या हातूनच पाणी प्यायचं, ती पाण्याला निघाली की शेपटी वर करून मागे धावायचं, ती झोपली की जवळ येऊन बसायचं. ती कीर्तनाला गेली की वासरूही कीर्तनाला. लोक हसायचे, काहीजण कौतुकही करायचे. ज्या मुलीकडे स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, तिला देवाने एक मुका सोबती दिला होता.

त्या दिवसांत कोल्हापुरात जयराम स्वामी वडगावकरांची कीर्तनं चालू होती. ते तुकाराम महाराजांचे अभंग गायचे. एकदा गर्दी फार झाली म्हणून कोणी त्या वासराला बाहेर काढलं. बाहेर वासरू हंबरायला लागलं, आत ही मुलगी रडायला लागली. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी वासराला आत घ्यायला लावलं आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला. स्वामींनी एका पोरीला एवढा मान दिला, ही बातमी गावभर झाली. नवऱ्याच्या कानावर गेली तेव्हा तिच्यात तिखटमीठही पडलं असणार.

*मार*

पुढचं लिहिताना हात थांबतो, पण बहिणाबाईंनी लपवलं नाही तर मी कशाला लपवू? रत्नाकरपंतांनी तिला वेणीला धरून ओढलं आणि मारलं. आईवडील समोर होते, पण जावयाच्या आश्रयाने राहिलेली माणसं, काही करू शकली नाहीत. तिला बांधून ठेवलं. तिकडे गायीने वैरणीला तोंड लावलं नाही, वासराने दूध घेतलं नाही. शेवटी जयराम स्वामी स्वतः घरी आले आणि त्यांनी रत्नाकरपंतांना समजावलं.

थोड्याच दिवसांत ते वासरू गेलं.

बहिणा कोसळली. काही दिवस ती शुद्धीवरच नव्हती. तुकाराम महाराजांना तिने कधी पाहिलं नव्हतं, फक्त त्यांचे अभंग कानावर पडले होते आणि त्यांना भेटायची ओढ लागली होती. त्या बेशुद्धीत तिला तुकाराम महाराजांचं दर्शन झालं. त्यांनी तिला जवळ घेतलं, अमृतासारखं काही पाजलं, मंत्र दिला. कार्तिक वद्य पंचमी, रविवार. तिथी आणि वार तिने जन्मभर लक्षात ठेवले. आपणही आपल्या अनुग्रहाचा दिवस असाच लक्षात ठेवतो की नाही?

शुद्धीवर आल्यावर सगळं छान झालं, असं मात्र नाही. उलट त्रास वाढला. तुकाराम महाराज जातीने कुणबी, वाणी व्यवसाय करणारे. त्या काळचे लोक त्यांना शूद्र म्हणत. ब्राह्मणाच्या बायकोने अशा माणसाला गुरू मानावं, हे रत्नाकरपंतांना सहन झालं नाही. त्यात लोक हिला भेटायला, पाया पडायला येऊ लागले. नवऱ्याकडे बघायला कोणी नाही आणि बायकोभोवती गर्दी. हा मत्सर त्यांच्या मनात घर करून बसला. बहिणाला दिवस गेले होते, आणि अशा स्थितीत तिला माहेरच्यांवर सोडून आपण निघून जायचं, असं त्यांनी ठरवलं.

*देवाशी खरं बोलणं*

इथे मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. मला वाटत होतं की आता संत बहिणाबाई म्हणतील, देवा, तू दिलंस ते सगळं गोडच आहे. तशा त्या म्हणत नाहीत. त्या देवाला विचारतात, असा जन्म का दिलास? वेद ऐकायचे नाहीत, तुझं नाव घेतलं तर घरात मार, मग तुझ्याकडे यायचं तरी कसं? जीव देऊन टाकावा असं मनात आल्याचंही त्यांच्या अभंगांत येतं. एवढ्या मोठ्या संत, पण दुःखाला त्यांनी दुःखच म्हटलं.

आणि तरीही त्याच अभंगांत आभार भरलेले आहेत. कशाकशाचे? आपण भटकत असताना कोणी थारा दिला, गाय कशी मिळाली, कीर्तन कोणी ऐकवलं, डोक्यावर हात कोणी ठेवला, कोणी मध्ये पडून सोडवलं. एकेक माणूस, एकेक प्रसंग, तिथीवारासकट. मुक्या वासरालाही त्या विसरल्या नाहीत. मार बसला म्हणून त्या देवाचे आभार मानत नाहीत. मार बसत असताना जो हात पाठीवर आला, त्याच्यासाठी आभार मानतात.

तिसरी गोष्ट म्हणजे नाम. दाराबाहेर जायची बंदी आली तरी दळण-कांडण, पाणी, सैपाक हे तर करायचंच होतं. हात कामात आणि मन नामात, हे आपण सहज बोलतो. त्यांच्याजवळ दुसरा मार्गच नव्हता. नामावर कोणी पहारा ठेवू शकत नाही, हे त्यांना कळलं होतं.

तेव्हा मला माझी चूक दिसली. आपल्या त्या भगिनीला मी आभारापर्यंत उडी मारायला सांगत होते, मधली पायरी काढून घेऊन. आधी तिला रडू द्यायला हवं होतं.

*तापाचा महिना आणि देहूची वाट*

रत्नाकरपंत घर सोडायच्या तयारीत असतानाच आजारी पडले. अंगाचा नुसता दाह. औषधपाणी झालं, गुण येईना. जवळजवळ महिनाभर ते अंथरुणावर होते आणि शुश्रूषा करायला होती फक्त बहिणा, जिला ते टाकून जाणार होते. पडल्यापडल्या त्यांना वाटू लागलं की आपण एका संताची निंदा केली, निरपराध पोरीला छळलं, त्याचंच हे फळ असावं. त्यांना पश्चात्ताप झाला. ताप उतरला तसा त्यांचा रागही उतरला, आणि ज्या तुकाराम महाराजांचं नाव घरात काढायची सोय नव्हती, त्यांच्याच दर्शनाला सगळं कुटुंब गायीला घेऊन देहूला निघालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. पूर्वी मी ही कथा सांगताना म्हणायचे, बघा, सहन केलं म्हणून नवरा सुधारला. आता तसं सांगणार नाही. बहिणाबाईंच्या आयुष्यात ते घडलं ही देवाची कृपा, पण प्रत्येक घरात तसं घडेलच असं नाही. त्या काळी त्या मुलीला जायला दुसरी जागा नव्हती. आज आहे. घरातल्या हिंसाचाराविरुद्ध बायकांसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे, ११२ नंबरवर कधीही फोन लावता येतो. आपल्या परिवारात कोणावर हात उचलला जात असेल तर कृतज्ञतेच्या नावाखाली तिला गप्प बसवू नका. जयराम स्वामी त्या घरात गेले, ते तिला सहन करायला सांगायला गेले नव्हते, मारणाऱ्याला अडवायला गेले होते. गुरुबंधू म्हणवतो तर आपणही तेवढं करायला हवं.

*देहूतले दिवस*

देहूला पोचले, इंद्रायणीत स्नान केलं, देवळात गेले. स्वप्नात पाहिलेले तुकाराम महाराज समोर उभे होते. आता तरी सुखाचे दिवस आले असं आपल्याला वाटतं. पण तिथेही मंबाजी नावाचा एक गोसावी होता. ब्राह्मण असून तुकोबांना गुरू करता, म्हणून त्याने या कुटुंबाला त्रास द्यायला सुरुवात केली. जागा दिली नाही, निंदा केली. एके दिवशी त्यांची गाय नेऊन त्याने तिला बांधून मारलं. त्या माराचे वळ तुकाराम महाराजांच्या पाठीवर उठले, असं बहिणाबाई सांगतात. गाय त्यांच्यासाठी काय होती ते आपण वाचलंच. सोसलेल्या बाईच्या मुक्या जनावरावरच परत काठी पडली.

पण या वेळी त्या एकट्या नव्हत्या. रोज कीर्तन होतं, भोवती संतमंडळी होती, नवरा बरोबर होता. देहूतच त्यांना मुलगी झाली, काशी. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विठ्ठल.

तुकाराम महाराजांजवळ त्यांना काय शिकायला मिळालं असेल? महाराजांनी स्वतः दुष्काळात सगळं गमावलं होतं. त्यानंतर त्यांनी काय केलं, तर पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं, लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं इंद्रायणीत सोडली आणि नाम धरलं. महाराजही देवाशी भांडायचे, रुसायचे, वाटेल ते बोलायचे, आणि त्याच तोंडाने स्तुती करायचे. असे गुरू मिळाल्यावर शिष्येला देवापुढे खोटं हसायची गरज काय? ज्याच्याशी भांडता येतं तोच आपला असतो. परक्याकडे आपण तक्रार नेतो का?

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ म्हणजे इसवी सन १६५० मध्ये तुकाराम महाराज वैकुंठाला गेले. बहिणाबाई तेव्हा विशी ओलांडलेल्या. गुरूंचा देह गेला आणि पुढची पन्नास वर्षं त्यांना गुरूंच्या आठवणीवर काढायची होती.

*शिऊर आणि शेवट*

पुढचं आयुष्य शिऊरला गेलं. आज ते गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात आहे. संसार, मुलं, पाहुणेरावळे आणि त्यातच अभंगरचना. ज्या बाईला वेद ऐकायची बंदी होती, तिने वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा आशय मराठीत आणला. खरा ब्राह्मण कोणाला म्हणावं, हा त्या ग्रंथाचा विषय. जन्मावरून नाही, ब्रह्म जाणल्यावरून. लहानपणी ज्या भेदापायी मार खाल्ला, त्याचं उत्तर त्यांनी म्हातारपणापर्यंत शांतपणे शोधलं.

दुःखाने तिथेही पाठ सोडली नाही. म्हातारपणी सून वारली. मुलगा विठ्ठल तिच्या क्रियाकर्मासाठी बाहेरगावी होता. आपला शेवट जवळ आल्याचं बहिणाबाईंना जाणवलं आणि त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. मायलेकरांचं त्या शेवटच्या दिवसांतलं बोलणंही अभंगांत आहे. आपले मागचे बारा जन्म त्यांनी त्याला सांगितले आणि हा तेरावा, आता परत येणं नाही, असं समाधानाने सांगितलं. शके १६२२ मध्ये, म्हणजे १७०० साली आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी देह ठेवला. शिऊरला त्यांची समाधी आहे.

आश्विन शुद्ध प्रतिपदा म्हणजे घटस्थापना! आपण घरोघरी घट बसवतो, मातीत धान्य पेरतो, त्याच दिवशी त्यांची पुण्यतिथी असते. यंदा घट बसवताना एक फूल त्यांच्या नावाने वाहा.

*आपण काय घ्यायचं?*

सद्गुरू माउली सांगतात की रोज आभार माना. मी तो नियम इतकी वर्षं पाळत आले, पण खरं सांगू? लॉकडाऊनमध्ये आमच्या घरी पगार बंद झाला होता तेव्हा माझ्या वहीतले आभार नुसते शाईचे होते. मनात राग होता आणि वहीत लिहिलेलं असायचं, देवा, सगळं छान आहे. शेजारच्या काकूंनी त्या दिवसांत विचारल्याशिवाय दोन वेळा तांदूळ आणून ठेवले होते. ते मात्र मी वहीत लिहिलंच नव्हतं. एवढी मोठी गोष्ट कशी राहून गेली? कारण खोटं लिहिण्यात खरं लिहायला जागाच उरली नव्हती. बहिणाबाईंनी असती तर काकूंचं नाव, तिथी, वार, सगळं लिहिलं असतं.

म्हणून आमच्या गटाने गुरुवारच्या आभारात थोडा बदल केला आहे. तुम्हाला पटला तर तुमच्याही घरी करून बघा.

१) वहीच्या डाव्या पानावर आठवड्यात जे टोचलं ते लिहायचं. देवाला उद्देशून, अगदी स्पष्ट. देव रागावत नाही.

२) उजव्या पानावर आभार लिहायचे, पण मोघम नाही. कोणी, कधी, काय दिलं. फोन केला, भाकरी दिली, दवाखान्यात सोबत आलं. नावासकट लिहायचं आणि जमलं तर त्या माणसालाही सांगायचं.

३) दोन्ही पानं लिहून झाल्यावर अकरा मिनिटं नाम. डाव्या पानात काही बदल झाला नसला तरी नाम.

४) कोणाचं उजवं पान एखाद्या आठवड्यात कोरं राहिलं तर राहू दे. त्याच्यासाठी बाकीच्यांनी नाम घ्यायचं. त्याला उपदेश करायचा नाही.

या चौथ्या नियमासाठी मला आपल्या त्या भगिनीचे आभार मानायला हवेत. लेख निम्मा झाल्यावर मी तिच्या घरी गेले. प्रसाद, पुस्तक, काही नेलं नाही. आधी माझं चुकलं म्हणून सांगितलं. मग सासूबाईंचं अंग पुसायला हात लावला, चहा घेतला आणि ती तासभर बोलली, मी ऐकलं. निघताना तिनेच देवघरात निरांजन लावलं. आम्ही दोघी तिथे थोडा वेळ नुसत्या बसलो.

ती अजून सत्संगाला आलेली नाही. पण परवा तिचा मेसेज आला, एका ओळीचा. तुम्ही त्या दिवशी आलात त्याबद्दल, एवढंच, आणि पुढे दोन हात जोडलेले. मी तो माझ्या वहीच्या उजव्या पानावर लिहून ठेवला आहे, वारासकट.

घरातल्या ज्या मोठ्या माणसांना मोबाईलवर वाचायला त्रास होतो, त्यांना हा लेख जेवणानंतर वाचून दाखवा. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते माझं, चांगलं वाटलं असेल ते माउलींचं आणि बहिणाबाईंचं.

जय गुरुदेव 🙏🌼

– एक सेवेकरी भगिनी, मच्छे गट